पालिबोथ्रा कुठे होतं? जुन्या ग्रंथांतल्या हरवलेल्या गावांचा माग

इ.स.पू. ३०० च्या आसपास मेगास्थेनिस नावाचा ग्रीक राजदूत मौर्यांच्या दरबारात आला. त्याने लिहिलेलं मूळ पुस्तक हरवलं, पण नंतरच्या ग्रीक-रोमन लेखकांनी त्यातून उतारे घेऊन ठेवले म्हणून थोडंफार हाती उरलं. त्यात राजधानीचं वर्णन आहे. शहराचं नाव पालिबोथ्रा. गंगा आणि एरानोबोआस या नद्यांच्या संगमावर वसलेलं. लांबी ८० स्टेडिया (अंतराचं ग्रीक माप), रुंदी १५ स्टेडिया, भोवती लाकडी तटबंदी, तिला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे.

एवढा तपशील असूनही अठराव्या शतकातल्या अभ्यासकांना हे शहर नकाशावर ठेवता येत नव्हतं. नाव पाटलिपुत्राशी जुळतं आणि पाटलिपुत्र म्हणजे पाटणा, हे तर सरळ दिसत होतं. पण मग एरानोबोआस कुठली? पाटण्यापाशी त्या वर्णनात बसेल असा संगम दिसेना. दांव्हिल या नामांकित फ्रेंच नकाशाकाराने एरानोबोआस म्हणजे यमुना असं धरलं आणि राजधानी प्रयागला नेऊन ठेवली. कुणी कनौजचं नाव पुढे केलं. गाठ सुटली ती दोन टप्प्यांत. बंगालची मोजणी करणाऱ्या जेम्स रेनेलच्या ध्यानात आलं की शोण नदीचं जुनं पात्र पाटण्याजवळून जात होतं. आज तिचा गंगेशी संगम बराच पश्चिमेला, मनेरकडे होतो, पण पूर्वी तो पाटण्यापाशी होता. दुसरा टप्पा विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशाचा. एका जुन्या संस्कृत ग्रंथात त्याला शोण नदीचं दुसरं नाव सापडलं : हिरण्यबाहू. हिरण्यबाहू, एरानोबोआस. १७९३ सालच्या एका भाषणात त्याने हे जाहीर केलं आणि ग्रीक ग्रंथांतला, अलेक्झांडरच्या पाठोपाठच्या काळातला सांड्रोकोट्टोस राजा म्हणजे चंद्रगुप्त मौर्य हेही तिथेच सांगितलं. प्राचीन भारताच्या कालगणनेला पहिला पक्का खुंटा मिळाला तो असा, एका नदीच्या टोपणनावामुळे.

या गोष्टीत एक खडा मात्र राहतोच. ग्रीक उताऱ्यांतल्या नद्यांच्या यादीत एरानोबोआस आणि सोनोस अशी दोन्ही नावं वेगवेगळी दिली आहेत. नदी एकच असेल तर ती दोनदा कशी? जोन्सने मेगास्थेनिसच्या अज्ञानावर किंवा निष्काळजीपणावर बोट ठेवलं आणि तो पुढे गेला. त्याची ओळख बरोबर होती असं आज जवळजवळ सगळेच मानतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्यात बुलंदीबागेला जाड ओंडक्यांच्या तटबंदीचे अवशेषही निघाले. पण न बसणारा तो तपशील अजून न बसणाराच आहे. जुन्या गावांची स्थाननिश्चिती करताना हे जवळजवळ प्रत्येक वेळी घडतं. दहातले आठ पुरावे एका बाजूला येतात, दोन अडून बसतात. ते दोन का अडले याचं पटण्यासारखं कारण सांगता येतं का, यावर त्या ओळखीचं वजन ठरतं.

परक्या कानांनी ऐकलेली नावं

जुनं नाव आणि आजचं नाव सारखं वाटलं की माणूस खूश होतो. खरं तर तिथून काम सुरू व्हायचं असतं. कारण ग्रंथात उतरलेलं नाव हे कुणीतरी परक्या माणसाने ऐकलेलं, आपल्या लिपीत कोंबलेलं आणि शेकडो वर्षं नकलांमधून गेलेलं असतं.

चौलचं उदाहरण घेऊ. इ.स.च्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचं टिपण आहे. तांबडा समुद्र, आफ्रिकेचा किनारा, अरबस्तान, मग भारताचा पश्चिम किनारा असं एकेक बंदर सांगत ते पुढे सरकतं. त्यात चौलचं नाव सेमिल्ला असं येतं. इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी लिहितो सिमिल्ला, आणि वर सांगतो की तिथले लोक याला तिमौला म्हणतात. कान्हेरीच्या शिलालेखांत हेच नाव चेमुल असं आहे. आता कोडं सुटतं. ग्रीक लिपीत ‘च’ नाही. एकाने तो ‘स’ लिहून भागवला, दुसऱ्याच्या कानाला तो ‘त’च्या जवळचा वाटला. पुढे अरब लेखकांनी सैमूर लिहिलं. तीन लिपींतली ही सगळी रूपं, आणि सगळी एकाच मूळ उच्चारातून कशी निघाली ते सांगता येतं. असं सांगता आलं तरच साम्याला किंमत.

याच टिपणात पैठणचं नाव पैठाना असं आहे. संस्कृत नाव प्रतिष्ठान. म्हणजे व्यापाऱ्याने पंडितांचं नाव ऐकलं नव्हतं, बाजारात बोललं जाणारं प्राकृत ऐकलं होतं. म्हणूनच जुन्या परदेशी ग्रंथांतली नावं संस्कृत पोथ्यांपेक्षा प्राकृत शिलालेखांशी लावून बघणं जास्त फळतं. दक्षिणेच्या प्रदेशाला तो दाखिनाबादेस म्हणतो आणि इथल्या भाषेत दक्षिणेला ‘दाखानोस’ म्हणतात असा खुलासाही करतो. दक्षिणापथाचा इतका स्वच्छ उल्लेख परक्याच्या लेखणीतून मिळणं हे नशीबच.

गंमत अशी की परका कान नुसता ऐकत नाही, ओळखीचं काही सापडतं का ते शोधतो. टॉलेमीने पैठणच्या राजाचं नाव सिरोप्टोलेमायोस असं दिलं आहे. तो म्हणजे सातवाहन राजा श्री पुळुमावी. ‘सिरि पुळुमावी’चं थेट ‘टॉलेमी’ होऊन गेलं, लेखकाचं स्वतःचंच नाव! भरुकच्छ, म्हणजे भडोच, याचं बारिगाझा झालं. ग्रीकात ‘बारिस’ म्हणजे जड आणि ‘गाझा’ म्हणजे खजिना, तेव्हा ग्रीक वाचकाला ते नाव आपलंच वाटलं असणार.

चिनी ग्रंथांत अडचण वेगळी. तिथे परकं नाव लिहायला चित्रलिपीची अक्षरं त्यांच्या उच्चारासाठी उसनी घेतात, आणि ते उच्चार दोन हजार वर्षांत ओळखू येऊ नयेत इतके बदलले आहेत. हान राजवटीच्या काळातल्या (साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. २००) चिनी लेखनात ‘आन्-शी’ नावाचा देश येतो. आजच्या उच्चारावरून त्याचा पत्ता कधीच लागला नसता. पण त्या काळात त्याच दोन अक्षरांचा उच्चार साधारण ‘आन्-सक्’ असा होता, आणि परक्या नावातल्या ‘र’च्या जागी चिनी लेखनात ‘न’ आला होता. म्हणजे मूळ नाव अर्सक, इराणातला पार्थियन राजवंश. म्हणून चिनी स्रोतांवर काम करणाऱ्याला आधी जुनी चिनी ध्वनिव्यवस्था शिकावी लागते.

तगर : एका गावाची शंभरेक वर्षांची वणवण

पेरिप्लस सांगतं की बारिगाझाहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठाना आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. तिथून सुती कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात. पैठण ओळखायला अडचण आली नाही. तगर मात्र एकोणिसाव्या शतकभर अभ्यासकांच्या हातातून निसटत राहिलं. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर.

ही वणवण का झाली हे बघण्यासारखं आहे. मध्ययुगातले शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांचं राज्य कोकणात आणि कोल्हापूरकडे, तेव्हा तगरही तिथेच कुठेतरी असणार असा कयास बांधला गेला. पण अशा बिरुदातून राजघराणं मूळचं कुठलं एवढंच कळतं, ते आज कुठे राज्य करतंय ते कळत नाही. आडनावावरून माणसाचा राहता पत्ता काढण्यासारखाच हा प्रकार. देवगिरीच्या बाबतीत भलामोठा किल्ला डोळ्यांसमोर होता आणि ‘फार मोठं शहर’ या शब्दांना तो शोभत होता. तो किल्ला यादवकालीन, म्हणजे हजारेक वर्षांनंतरचा, हे मागे पडलं.

१९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट या पुराभिलेख-अभ्यासकाने तेर हे गाव सुचवलं. तेरणा नदीकाठचं, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. त्याचा युक्तिवाद मराठी वाचकाला चटकन पटावा असा आहे. मराठीत शब्दाच्या मधला ‘ग’ गळतो आणि ‘नगर’चं ‘नयर’, मग ‘नेर’ होतं. संगमनेर, अंमळनेर, पिंपळनेर ही सगळी त्याचीच उदाहरणं. त्याच नियमाने ‘तगर’चं ‘तयर’ आणि मग ‘तेर’. इथे साम्य कानाला गोड लागतं म्हणून मान्य केलेलं नाही. ज्या वाटेने इतर डझनभर नावं गेली त्याच वाटेने हेही गेलं, असं दाखवलं आहे.

आता अंतर. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, त्याला वीस दिवस. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर, त्याला दहा. म्हणजे रोजची मजल सरळ रेषेत मोजली तर १५ ते १८ किलोमीटर, आणि वाटेची वळणं धरली तर बरीच जास्त. बैलगाडीला शोभेल अशीच चाल, आणि दोन्ही टप्प्यांचं गणित एकमेकांशी जुळतं. इथे ‘एक दिवस म्हणजे किती किलोमीटर’ हे बाहेरून आणून लादलेलं नाही, हे लक्षात घ्या. ओळखीचा टप्पा आधी मोजला आणि त्याच लेखकाची तीच मोजपट्टी अनोळखी टप्प्याला लावली. या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच आहे असं मला वाटतं.

अडून बसलेला पुरावा इथेही आहेच. ग्रंथ म्हणतो ‘पूर्वेला’, आणि तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, दक्षिणेकडे जरा जास्तच झुकलेलं. पण तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकाळचा प्रचंड ऐवज निघाला. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या भारतीय मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, म्हणजे पेरिप्लसच्याच काळात. एवढं जमल्यावर दिशेतली चूक व्यापाऱ्याच्या ऐकीव माहितीच्या खात्यात टाकायला कुणाची हरकत नसते. तो काही स्वतः तेरला गेला नव्हता.

याच्या उलट उदाहरण बिझांतिओनचं. पेरिप्लस कोकणच्या किनाऱ्यावर सेमिल्लाच्या खाली मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा, बिझांतिओन अशी बंदरं ओळीने सांगतं. काही जुन्या टीकाकारांनी बिझांतिओन म्हणजे विजयदुर्ग असं ठरवून टाकलं. ऐकायला छान. पण त्या किल्ल्याचं आधीचं नाव घेरिया. विजयदुर्ग हे नाव सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी दिलं. पहिल्या शतकातल्या खलाशाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. ते बंदर तिथे असेलही, खाडी तर उत्तमच आहे, पण नावाचा आधार तेवढा बाद. आजचं नाव किती जुनं आहे हे आधी तपासा, हा या क्षेत्रातला अगदी प्राथमिक धडा, आणि तो विसरून किती लेख छापले गेले आहेत याची गणती नाही.

नकलकाराची डुलकी

आपल्या हातात येतो तो मूळ ग्रंथ नसतो. पेरिप्लसचं जे काही आज आहे ते मुख्यतः दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितावर उभं आहे, म्हणजे मूळ लेखनानंतर नऊशे वर्षांनी केलेल्या नकलेवर. टॉलेमीच्या भूगोलाची उपलब्ध हस्तलिखितं तर १३०० च्या आसपासची आणि त्यानंतरची. मधल्या काळात ज्यांनी नकला केल्या त्यांना कोकणातली किंवा ब्रिटनमधली गावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ओळखीचा शब्द चुकला तर नकलकार दुरुस्त करतो. अनोळखी विशेषनाम चुकलं तर चूक तशीच पुढे जाते.

आकड्यांचं आणखी अवघड. ग्रीक लोक आकडे अक्षरांनीच लिहीत. आल्फा म्हणजे १, डेल्टा म्हणजे ४, लाम्डा म्हणजे ३०. ही तिन्ही मोठी अक्षरं त्रिकोणी, आडव्या रेघेच्या जागेचाच काय तो फरक. शाई पुसट झाली, डोळा लागला, की एकाचे चार आणि चाराचे तीस. रोमन लेखक प्लिनी अलेक्झांडरच्या मोजणीदारांनी दिलेली भारतातली अंतरं सांगताना स्वतःच म्हणतो की काही प्रतींत वेगळे आकडे आढळतात. म्हणजे पहिल्या शतकातच हा घोळ झालेला होता.

त्यातल्याच एका आकड्याने तक्षशिलेला दोन हजार वर्षांनी गुंगारा द्यायला लावला. प्लिनीने पुष्कलावतीपासून (आजच्या पेशावरजवळचं जुनं नगर) तक्षशिला ६० रोमन मैल सांगितली आहे. तेवढं मोजलं की माणूस हसन अब्दालच्या अलीकडेच थांबतो आणि तिथे त्या तोलाचं काही नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने चिनी यात्रेकरूंचं ऐकलं. त्यांच्या हिशेबाने तक्षशिला सिंधूच्या पूर्वेला तीन दिवसांच्या वाटेवर होती. १८६३–६४ मध्ये तो शाहढेरीच्या अवशेषांपर्यंत पोचला. पुढे जॉन मार्शलने १९१३ पासून वीसेक वर्षं तिथे खोदलं आणि वादाला जागा उरली नाही. लॅटिन आकडा आणि चिनी प्रवासी यांत कनिंगहॅमने प्रवाशाला झुकतं माप दिलं, कारण पायी चाललेल्या माणसाचे दिवस नकलकाराच्या हातून सहसा इतके बिघडत नाहीत.

नकलेतल्या चुकांचा कळस मात्र जर्मनीत झाला. टॉलेमीने उत्तर जर्मनीत सियातुतांदा नावाचं एक गाव दिलं आहे, अक्षांश-रेखांशांसकट. हे गाव कुठेच सापडेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रोमन इतिहासकार टॅसिटसने फ्रिझियन या उत्तर समुद्राकाठच्या टोळीच्या बंडाबद्दल लिहिताना ‘आद सुआ तुतांदा’ असे शब्द वापरले आहेत. अर्थ : आपापली मालमत्ता राखायला. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे वाक्य वाचताना कुणीतरी ‘सुआ तुतांदा’ हे गावाचं नाव समजलं आणि त्याला नकाशावर जागा दिली. अस्तित्वात नसलेल्या गावाला अक्षांश-रेखांश मिळाले! मला हा प्रसंग फार आवडतो, कारण आकडा दिसला की आपण किती पटकन विश्वास ठेवतो ते यात उघडं पडतं.

टॉलेमीचा ताणलेला नकाशा

टॉलेमीने सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत. मग ते आजच्या नकाशावर टाकायचे आणि मोकळं व्हायचं, असं का होत नाही?

कारण त्याची पृथ्वीच लहान होती. त्याच्या आधी चारशे वर्षं एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडिया काढला होता. टॉलेमीने १,८०,००० धरला. परीघ कमी धरला की तेवढंच अंतर जास्त अंशांत पसरतं. म्हणून त्याच्या नकाशावर भूमध्य समुद्राची लांबी सुमारे ६२ अंश भरते, प्रत्यक्षात ती ४२ अंशांच्या आसपास आहे. त्यात रेखांश मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. आकाशातून अक्षांश काढता येत, तेही फार थोड्या गावांचे. बाकी सगळे आकडे प्रवाशांच्या अंतरांवरून बसवलेले. दिसायला मोजमाप, आतून अंदाज. भारताचा पश्चिम किनारा दक्षिणेकडे उतरायच्या ऐवजी बराचसा पूर्वेकडे धावतो, दक्षिण भारताचं टोक दबून जातं, श्रीलंका मात्र अवाढव्य होते.

म्हणून जाणते लोक टॉलेमीचा एकटा आकडा घेत नाहीत. ते आधी त्या भागातली निर्विवाद ओळखीची पाच-दहा ठिकाणं घेतात, त्यांच्या जुन्या आणि खऱ्या जागांतला फरक कसा बदलत जातो ते काढतात आणि तीच सुधारणा शेजारच्या अनोळखी ठिकाणाला लावतात. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मोजणीशास्त्रज्ञांनी जर्मनीच्या भागासाठी गणिताने असंच केलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेक इतिहासकारांनी नाकं मुरडली, आणि त्यांच्या शंकेत तथ्य आहे : माहितीत चूक मिसळलेली असेल तर गणित ती चूक फार सफाईने नव्या जागी नेऊन ठेवतं. तगरच्या बैलगाडीची मोजपट्टी आणि बर्लिनचं गणित यांत तत्त्व मात्र एकच.

जमीन हलते, नावंही हलतात

नदी सरकते हे शोणने दाखवलं. बंदरांचं तर ते रोजचंच. गाळ साचतो, खाडी बुजते, आणि ज्या गावात जहाजं लागत ते समुद्रापासून आत जाऊन बसतं. आजच्या किनाऱ्यावर बोट ठेवून प्राचीन बंदर शोधणाऱ्याची निम्मी मेहनत वाया जाते ती यामुळे.

मुझिरिसचं हेच. रोमन जहाजांचं मिरी भरायचं हे ठिकाण अठराव्या शतकात काहींनी कर्नाटकच्या किनाऱ्यावर मिर्जानला ठेवलं होतं, आधार पुन्हा नावाच्या साम्याचा. पण संगम साहित्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन तमिळ काव्यात यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमनांची, सुंदर जहाजं पेरियार नदीचं पाणी फेसाळत मुचिरीला येतात, सोनं देतात आणि मिरी घेऊन जातात असं वर्णन आहे. पेरियार केरळात. इ.स. १००० च्या सुमाराच्या, कोचीच्या ज्यू समाजाकडे असलेल्या ताम्रपटात मुयिरिक्कोड हे नाव कोडुंगल्लूरच्या बाजूचं आहे. तेव्हा प्रदेश ठरला, पण नेमकी जागा ठरेना. कोडुंगल्लूरला खोदून तेवढं जुनं काही लागत नव्हतं. २००७ पासून जवळच्या पट्टणम् गावात उत्खनन झालं आणि रोमन मद्यकुंभांची खापरं मोठ्या संख्येने निघाली. बहुतेकांनी तेच मुझिरिस मानलं, काहींनी हात राखून ठेवला. त्यांचं म्हणणंही वेडगळ नाही. रोमन माल सापडला म्हणजे इथे रोमन माल येत होता एवढं सिद्ध होतं. गावाचं नाव खापरावर लिहिलेलं नसतं.

ते लिहिलेलं सापडतं तेव्हा सोन्याहून पिवळं. नालंदाच्या उत्खननात महाविहाराच्या नावाच्या मुद्रा मिळाल्या. लुंबिनीला अशोकाच्या स्तंभावर बुद्ध इथे जन्मला असं स्पष्ट कोरलेलं आहे. पण कपिलवस्तूचं पाहा. भारतातल्या पिप्रहवाला १९७० च्या दशकात त्या नावाच्या भिक्षुसंघाच्या मुद्रा मिळाल्या, तर नेपाळातल्या तिलौराकोटला तटबंदी असलेलं अख्खं नगर आहे. एकाकडे नावपाटी, दुसऱ्याकडे घर. मुद्रा हातातून हातात फिरणारी वस्तू आहे आणि संघाचा विहार नगराबाहेरही असू शकतो, तेव्हा हा वाद एका मुद्रेने मिटणारा नाही. त्यात दोन देशांचा अभिमान गुंतला की तो आणखी लांबतो.

आणि कधी नावच गाव सोडून निघून जातं. इ.स.पू. २३०० च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) अक्कडचा राजा सारगॉन अभिमानाने सांगतो की मेलुहा, मगन आणि दिलमून इथली जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. दिलमून म्हणजे बहारीन, मगन म्हणजे ओमानची बाजू, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेसोपोटेमियात मेलुहाच्या भाषेचा दुभाषी होता हे त्याच्या मुद्रेवरून कळतं, आणि उरच्या थडग्यांत सिंधू धाटणीचे लांब कार्नेलियन (लालसर दगडाचे) मणी मिळाले आहेत. पण हजार-दीड हजार वर्षांनंतरच्या असीरियन लेखांत हेच नाव इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाला लावलेलं आहे. सिंधूशी संबंध तुटला होता, ‘दूरचा श्रीमंत मुलूख’ एवढाच अर्थ उरला होता. काळ न बघता दोन्ही उल्लेख एकत्र केले की मेलुहा आफ्रिकेत जाऊन बसतो, आणि काही जणांनी तो खरोखर तिथे बसवला होता. आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण हवं तर आजचा घाना देश घ्या. ज्या मध्ययुगीन राज्यावरून त्याने नाव घेतलं ते आजच्या मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं.

प्रयोगशाळा आता मदतीला आली आहे. प्राचीन इजिप्शियन लोक ज्या पुंत देशातून धूप आणि बबून माकडं आणत तो देश कुठे, यावर दीडशे वर्षं काथ्याकूट झाला. इजिप्तमध्ये सापडलेल्या बबूनच्या ममींतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण २०२० मध्ये तपासलं गेलं (प्राणी जिथे वाढतो तिथल्या जमिनीवर ते ठरतं), २०२३ मध्ये डीएनए. बोट आफ्रिकेच्या शिंगाकडे, म्हणजे त्या खंडाच्या पूर्वेकडे बाहेर आलेल्या टोकाकडे, विशेषतः एरिट्रियाच्या किनाऱ्याकडे वळलं. माकड कुठे जन्मलं ते त्याच्या हाडांनी सांगितलं. मात्र पुंतची हद्द कुठपर्यंत होती ते हाडं सांगू शकत नाहीत.

या साऱ्यामुळे आजच्या नोंदी ठेवण्याची पद्धतही बदलली. प्राचीन जगाची ‘प्लीएडीझ’ नावाची जी खुली स्थलसूची आहे तिच्यात ठिकाण, नाव आणि जागा या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतात. एका ठिकाणाला अनेक नावं असू शकतात. नाव माहीत असून जागा नसेल, किंवा जागा माहीत असून नाव नसेल, तरी ठिकाणाची नोंद राहते. आपण बोलताना ‘तगर म्हणजे तेर’ असं एका दमात म्हणतो, पण त्या ‘म्हणजे’मध्ये तीन स्वतंत्र दावे असतात आणि तिन्हींची खात्री सारखी नसते.

उलट दिशेचा प्रवास सगळ्यात धोक्याचा : ग्रंथातून नाव उचलून जमिनीवर चिकटवण्याचा. अठराव्या शतकात कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या चार्ल्स बर्ट्रम या इंग्रजाने रोमन ब्रिटनचं वर्णन करणारं एक मध्ययुगीन हस्तलिखित सापडल्याची बतावणी केली. सगळं त्याने स्वतःच रचलेलं होतं, पण शंभरेक वर्षं विद्वान त्यातली गावं ब्रिटनभर शोधत राहिले आणि काही नावं सरकारी नकाशांवरही चढली.

तिथे लबाडी तरी होती. स्कॉटलंडमध्ये नुसती छपाईची चूक पुरली. टॅसिटसने रोमन सैन्याच्या कॅलिडोनियन टोळ्यांशी झालेल्या इ.स. ८३ किंवा ८४ च्या लढाईची जागा ‘मोन्स ग्राउपियुस’ अशी दिली आहे. पंधराव्या शतकात पुस्तक छापताना ते ‘ग्राम्पियुस’ झालं. पुढच्या शतकात स्कॉटिश इतिहासकार हेक्टर बोएसने ते चुकीचं नाव तिथल्या डोंगररांगेला लावलं, आणि आज ती रांग जगाच्या प्रत्येक नकाशावर ग्रॅम्पियन म्हणूनच आहे. ज्या डोंगराखाली ती लढाई झाली तो मात्र अजून सापडलेला नाही. १९७५ मध्ये विमानातून काढलेल्या छायाचित्रांत बेनाची टेकडीजवळ एका प्रचंड रोमन छावणीच्या खुणा दिसल्या, तेव्हापासून बऱ्याच जणांचा कौल त्या बाजूला आहे.